आकडा झाकला, नावे राहिली: इन्स्टाग्रामच्या एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

२ सप्टेंबर २०१९ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मेलबर्नला शिकायला गेलेल्या माझ्या भाचीने पहिल्यांदाच एकटीने उकडीचे मोदक केले आणि स्टीलच्या ताटलीत मांडून त्यांचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. अकरा मोदक होते. त्यांतले फुटलेले दोन तिने मागच्या बाजूला लपवले होते. तिथे संध्याकाळचे सात वाजले होते आणि पुण्यात दुपारचे अडीच. आरती, नैवेद्य, जेवणे उरकून ताई नुकतीच आडवी झाली होती. तिने फोटो पाहिला, त्याखालच्या हृदयावर बोट ठेवले आणि तासाभराने लेकीला फोन लावला. मी शेजारीच बसले होते. "अगं, चौसष्ट लाइक झाले की!" ताई म्हणाली. पलीकडून भाची म्हणाली, "आई, इथे आता तो आकडा कुणाला दिसतच नाही."

ताईला आधी वाटले की लेकीचा फोन बिघडला आहे. फोन बिघडला नव्हता. ऑस्ट्रेलियातील वापरकर्ते तेव्हा एका मोठ्या प्रयोगात सामील केले गेले होते आणि ताईचे पुण्यातले खाते त्या प्रयोगाबाहेर होते, त्यामुळे एकाच फोटोखाली ताईला आकडा दिसत होता आणि भाचीच्या मेलबर्नमधल्या मैत्रिणींना दिसत नव्हता. त्या फोटोच्या निमित्ताने मी या प्रयोगाकडे लक्ष देऊ लागले आणि तो पुढे कसा गेला, कुठे अडला, हे जमेल तसे पाहत राहिले. समाजमाध्यमावर आकडा दिसेनासा झाला तर माणसाला इतरांशी जोडले गेल्याची जाणीव कमी होते, वाढते की तशीच राहते, हा या प्रकरणातला प्रश्न आहे. भाचीच्या परवानगीनेच तिच्या फोटोबद्दल लिहीत आहे.

नावांचा आकडा केव्हा होतो

फेसबुकवर लाइकचे बटण ९ फेब्रुवारी २००९ रोजी आले. त्यापुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, इन्स्टाग्राम सुरू झाले. इन्स्टाग्रामच्या सुरुवातीच्या रचनेतली एक बारीक गोष्ट मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. फोटोखाली पहिल्या दहा जणांपर्यंत, ज्यांना तो आवडला त्यांची नावे एकामागून एक दिसत असत. अकरावा माणूस आला की ती नावे नाहीशी होत आणि त्यांच्या जागी फक्त '११' हा आकडा येई. शाळकरी आणि कॉलेजातली मुले या अकराव्या लाइकची वाट पाहत. अकराचा टप्पा गाठला नाही तर फोटो काढून टाकणारीही होती. फोटो पाहणाऱ्या माणसांची नावे समोर असणे हे लाजिरवाणे आणि ती नावे पुसून आकडा येणे हे यश, असा उलटा संकेत त्या रचनेतून आपोआप रुजला.

आपल्याकडे याच्या जवळचा एक अनुभव आहे. लग्नात आहेर लिहून घ्यायला कुणीतरी वही घेऊन बसलेला असतो, नाव आणि रक्कम टिपतो आणि ती वही घरातच राहते. काही गावांत मात्र ध्वनिक्षेपकावरून नाव आणि रक्कम दोन्ही पुकारण्याची रीत आहे. वही तीच आणि देणाऱ्याची भावनाही तीच. पण रक्कम पुकारली जाणार हे ठाऊक असले की पाकिटात नोट घालताना हात निराळ्या हिशेबाने चालतो, हे ज्याने असा आहेर केला आहे त्याला सांगावे लागणार नाही.

नेमके काय झाकले गेले

इन्स्टाग्रामने हा प्रयोग करणार असल्याचे ३० एप्रिल २०१९ रोजी फेसबुकच्या वार्षिक परिषदेत जाहीर केले आणि तो आधी कॅनडात सुरू केला. जुलैमध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, इटली, आयर्लंड आणि ब्राझील हे सहा देश त्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या व जगभरातल्या काही वापरकर्त्यांपर्यंत तो पोहोचला. कंपनीच्या आत या कामाला 'प्रोजेक्ट डेझी' असे नाव होते. एकेक पाकळी तोडत 'प्रेम आहे, प्रेम नाही' असे म्हणण्याच्या पाश्चात्त्य खेळावरून ते आले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी अमेरिकेतील विस्ताराच्या वेळी सांगितलेला हेतू असा होता की वापरकर्त्यांवरचा दबाव हलका व्हावा, तिथली स्पर्धा कमी व्हावी, विशेषतः तरुण मुलांसाठी, आणि आपल्या माणसांशी जोडले जायला अधिक जागा मिळावी. म्हणजे हा प्रयोग आकड्यापुरता नव्हता. माणसे जोडली जाणे हा त्याचा जाहीर हेतूच होता, आणि म्हणून त्याला त्याच कसोटीवर तपासणे योग्य आहे.

प्रयोगात असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या फोटोखाली एकूण लाइकची संख्या दिसेनाशी झाली. तिच्या जागी एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव आणि पुढे 'व इतर' एवढेच शब्द राहिले. त्या 'इतर' शब्दावर बोट ठेवले की नावांची यादी उघडत असे. स्वतःच्या फोटोचा आकडा मात्र मालकाला एका टिचकीसरशी पाहता येत होता. प्रोफाइलवरची फॉलोअरची संख्या तशीच राहिली आणि किती कॉमेंट आल्या तेही कळत राहिले. कुणाच्या फीडमध्ये कोणता फोटो वर आणायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेला तर प्रत्येक लाइक पूर्वीइतकाच मोजता येत होता. मोजणी कुठेच थांबलेली नव्हती. फोटोच्या मालकाची आणि कंपनीची वही पूर्ववत चालू होती आणि पुकारा तेवढा बंद झाला होता.

या तपशिलाकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण त्या काळात 'लाइक गेले' अशा मथळ्यांखाली जी चर्चा झाली, तिच्यात तो बहुतेक वेळा हरवला. रॅपगायिका निकी मिनाज यांनी लाइक काढले तर आपण इन्स्टाग्रामवर पोस्ट करणे थांबवू असे जाहीर केले. ज्यांचे उत्पन्न जाहिरातदारांना दाखवायच्या आकड्यावर अवलंबून होते त्या इन्फ्लुएन्सर मंडळींची काळजी समजण्यासारखी होती आणि तिला मी कमी लेखत नाही. पण आपला आकडा आपल्यालाही दिसणार नाही, असा बदल कंपनीने कधीच सुचवला नव्हता.

त्या एका फोटोचे काय झाले

आता पुन्हा मोदकांकडे वळते. भाचीने नंतर मला सांगितले की पहिल्या दोन तासांत तिने आपला आकडा किमान दहा वेळा उघडून पाहिला. आधी तो नुसता समोर असायचा. आता पाहायला टिचकी मारावी लागत होती आणि त्यामुळे आपण तो पाहत आहोत ही गोष्ट तिला स्वतःलाच बोचू लागली. मैत्रिणींच्या फोटोंखालचे आकडे दिसत नसल्यामुळे आपले चौसष्ट चांगले की कमी, हे तिला ठरवता येईना. "मावशी, आकडा होता पण त्याला काही अर्थच लागत नव्हता," असे ती म्हणाली. हे वाक्य मी तेव्हाच डायरीत लिहून ठेवले होते. आकड्याला अर्थ येतो तो शेजारच्या आकड्यामुळे, आणि नेमका तो शेजारच झाकला गेला होता.

त्यानंतर जे घडले ते आकड्याबाहेरचे होते. रात्री तिच्या रत्नागिरीच्या आत्याची कॉमेंट आली: "पारी पातळ जमली आहे गं. पण कळ्या वर नीट मिटल्या नाहीत म्हणून फुटलेत. उकड गरम असतानाच मळलीस का? पाण्यात तूप घातलं होतंस?" मागे लपवलेले दोन मोदक आत्याने बरोबर हेरले होते. भाचीने उत्तर लिहिले, मग आत्याने व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दोघी चाळीस मिनिटे फोनवर बोलल्या, ज्यात मोदक पाच मिनिटे होते आणि उरलेला वेळ घरभाडे, थंडी आणि आत्याच्या गुडघ्यांना मिळाला. चौसष्ट जणांपैकी किती जण आजही तिच्या लक्षात आहेत असे मी अलीकडे विचारले, तेव्हा तिला आत्या, वर्गातली एक व्हिएतनामी मैत्रीण आणि दादरच्या शाळेतली एक जुनी बाई एवढी तीन नावे आठवली. बाईंनी काही लिहिले नव्हते. त्यांचे नाव केवळ 'व इतर' उघडल्यावर यादीत दिसले होते, आणि आकडा समोर असता तर ती यादी आपण कधीच उघडली नसती, असे भाचीने आपणहून सांगितले.

एका मुलीच्या एका फोटोवरून सिद्धान्त मांडता येत नाही याची मला जाणीव आहे. पण या अनुभवाला समांतर असे काही अभ्यास आहेत. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९१ देशांतील १,९१० फेसबुक वापरकर्त्यांचा विचार केला होता. जवळच्या माणसाने आपल्याला उद्देशून, शब्द जुळवून काही लिहिले तर त्याचा संबंध बरे वाटण्याशी दिसून आला; एका टिचकीने मिळणाऱ्या प्रतिसादाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. आत्याचे चार प्रश्न आणि चौसष्ट हृदये यांतला फरक याहून नेमका सांगता येईल असे मला वाटत नाही.

आकडा कोणती कामे करत होता

तरीही आकड्याची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण तो केवळ मिरवण्यासाठी नव्हता. गर्दी कुठे जमली आहे हे सांगण्याचे काम तो करत होता. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १४,३४१ लोकांना ४८ अपरिचित गाणी ऐकायला दिली होती. काहींना गाण्यापुढे इतरांनी ते किती वेळा उतरवून घेतले याचा आकडा दिसत होता, काहींना दिसत नव्हता. आकडा दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली, आणि वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. आकडा माहिती देतो आणि त्याच वेळी आवडही घडवतो, असे त्यातून दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलांना इन्स्टाग्रामसारख्या पडद्यावर फोटो दाखवले, तेव्हा ज्या फोटोंखाली जास्त लाइक दाखवले होते त्यांनाच मुलांनी जास्त लाइक दिले, आणि स्वतःच्या फोटोखाली मोठा आकडा दिसला की मेंदूतला सुखद मोबदल्याशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला.

कलावंत बेन ग्रॉसर यांनी तर इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधी, २०१२ मध्ये, फेसबुकवरचे सगळे आकडे लपवणारे एक ब्राउझर-साधन बनवून मोफत दिले होते. 'इतक्या लोकांना हे आवडले' याऐवजी फक्त 'लोकांना हे आवडले' असे त्यात दिसे. ते वापरणाऱ्या काहींना तेव्हा कळले की एखादी गोष्ट लाइक करावी की नाही याचे नियम आपण आकड्यावरून ठरवत होतो: कुणीच लाइक केलेले नसेल तर आपण पहिले व्हायचे नाही, फारच झाले असतील तर आपल्या एकाने काय फरक पडणार. मला स्वतःला हे वाचून ओशाळायला झाले, कारण दुसरा नियम मी वर्षानुवर्षे पाळत होते. ओळखीच्या माणसाच्या आनंदाला आपण दाद द्यायची की नाही, हे तिथे आधी किती लोक आले आहेत यावरून ठरवणे प्रत्यक्ष घरी आपल्याला अशोभनीय वाटले असते. बारशाला गेल्यावर दारातल्या चपला मोजून कुणी परत फिरत नाही.

निकाल

२०२० हे वर्ष महासाथीत गेले. २ मार्च २०२१ रोजी एक चूक झाली आणि प्रयोगात नसलेल्या अनेकांचे आकडे अचानक दिसेनासे झाले. कंपनीने ती चूक मान्य करून काही तासांत दुरुस्त केली. अखेर २६ मे २०२१ रोजी निर्णय आला: आकडे सर्वांना पूर्वीसारखे दिसतील, आणि ज्याला नको असतील त्याने सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः झाकावेत. काहींना आकडा नसणे हितकारक वाटले आणि काहींना ते त्रासदायक वाटले, विशेषतः काय चर्चेत आहे हे आकड्यावरूनच कळत असल्यामुळे, असे कारण कंपनीने दिले. लोकांच्या भावनांत किंवा वापराच्या प्रमाणात अपेक्षेइतका फरक पडला नाही, असेही मोसेरी यांनी सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली, त्यांतही किशोरवयीनांच्या एकूण मनःस्वास्थ्यात मोजता येईल असा बदल दिसला नसल्याची नोंद होती, आणि तरीही हा पर्याय दिल्याने कंपनीची प्रतिमा सुधारेल असा विचार वरिष्ठांपुढे मांडला गेल्याचे त्यांतून समोर आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ३३ राज्यांनी मेटाविरुद्ध, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीविरुद्ध, केंद्रीय न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात लाइक आणि त्यातून होणारी सामाजिक तुलना हाही एक मुद्दा आहे.

'फरक पडला नाही' या निष्कर्षावरून, आकडा निरुपद्रवी आहे, असे अनेकांनी गृहीत धरले. मला ते मान्य नाही. प्रयोगात मालकाचा आकडा मालकासमोर राहिला होता, फॉलोअरची संख्या राहिली होती, फोटोंचा क्रम ठरवणारा हिशेब राहिला होता आणि त्याच मोजणीवर वाढलेल्या सवयी तर होत्याच. एवढे सगळे जागेवर ठेवून एकच संख्या झाकली आणि मनःस्थिती बदलते का हे पाहिले, तर फारसे काही हाती न लागणे हेच अपेक्षित होते. त्याहून मोठी उणीव अशी की आकड्याच्या रिकाम्या जागी काहीच ठेवले गेले नाही. आपल्या माणसांशी जोडले जाणे हा हेतू होता, तर आत्यासारख्या माणसाचा प्रश्न यादीत वर यावा, जुन्या बाईंचे नाव न शोधता दिसावे, दोन ओळी लिहिणे हृदयावर बोट ठेवण्याइतके सोपे व्हावे, यांपैकी काहीतरी करून पाहायला हवे होते. सुरुवातीच्या इन्स्टाग्राममध्ये दहापर्यंत जी नावे दिसत होती, तीच अकराव्यानंतरही दिसत ठेवणे, निदान ओळखीच्यांची, हाही एक साधा प्रयोग होऊ शकला असता. काय झाकायचे याचा विचार झाला; काय दाखवायचे याचा तितका झाला नाही.

पर्याय देण्याच्या पद्धतीबद्दलही माझी तक्रार आहे. सेटिंगच्या आत कुठेतरी असलेली कळ शोधून फिरवणारे थोडेच असतात, आणि ज्या मुलीला आकड्याचा सर्वाधिक त्रास होतो तिनेच ती फिरवावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे टाकणे आहे. शिवाय सगळ्या वर्गात एकटीचाच आकडा झाकलेला असेल, तर 'हिला कमी लाइक येतात म्हणून झाकले' असा अर्थ निघतोच. २०१९ मध्ये भाचीच्या मैत्रिणींपैकी कुणाला कुणाचा आकडा झाकल्याचा संशय घ्यावा लागला नाही, कारण तो सगळ्यांचाच झाकला गेला होता. स्वेच्छेच्या पर्यायाने ही समानता घालवली, आणि प्रयोगातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती.

भाचीने २०२१ मध्ये तो पर्याय चालू केला नाही. तिच्या कामात आता आकडा लागतो, आणि तिने तसे स्पष्टपणे सांगितले. ताईने मात्र तिच्याकडून आपल्या फोनमध्ये तो चालू करून घेतला. हल्ली लेकीचा फोटो आला की ताई चष्मा लावून 'इतर' या शब्दावर बोट ठेवते आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचते. ओळखीचे नाव आले की मोठ्याने उच्चारते, आणि अनोळखी नाव आले की हे कोण, असे विचारायला मेलबर्नला फोन लावते.